रेसला जाताय? आधी सीट पकडा!

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला सीट कशी पकडायची, हे शिकवायला जाऊ नका. मुंबईला जायचं असलं तरी हा माणूस आधी उलटा बदलापूरला येतो, म्हणजे रीतसर 'डाऊन' करतो, आणि खिडकी पटकावून मगच मुंबईकडे निघतो. ऊन कुठल्या बाजूला येतं, वारा कुठून लागतो, कुर्ल्याला कोण उठणार, सगळं तोंडपाठ! पण याच माणसासमोर मोटर रेसिंगच्या तिकिटांचा नकाशा ठेवा. रंगीबेरंगी पट्टे, दहा-बारा ग्रॅण्डस्टॅण्ड, प्रत्येकाचा रेट वेगळा. गडी पार गोंधळतो आणि सरळ म्हणतो, 'फिनिश लाइन कुठेय? तिथलं दे!'

थांबा बॉस! रेसची सीट म्हणजे काही पिक्चरचं तिकीट नव्हे. ३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस झाली, तेव्हा तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. रेस तीच, गाड्या त्याच, फरक चौदा पट! मग महाग सीटवरून चौदा पट जास्त दिसतं का? अजिबात नाही. वेगळं दिसतं, एवढंच.

हा विषय सध्या आमच्या ग्रुपमध्ये भलताच गरम आहे. उल्हासनगरचा सिंधी मित्र, घरचा जीन्सचा धंदा. अंबरनाथचा मित्र, ऐरोलीत आयटीत. आणि बदलापूरची मी, जिला चेक कधी येईल ते देवालाच ठाऊक. तिघांनी वर्षभर पैसे साठवलेत ते अबुधाबीसाठी. कारण आपल्याकडची फॉर्म्युला वन २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनदा झाली आणि संपली. चौथा मेंबर नंतर आला: अंबरनाथच्या मित्राचे बाबा. एमआयडीसीतल्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, आता रिटायर्ड. गुडघे दुखतात, पण टीव्हीवरची एकही रेस सोडत नाहीत. मुलाने पहिल्या इन्क्रिमेंटलाच कबूल केलं होतं, 'बाबा, एकदा तुम्हाला प्रत्यक्ष दाखवणार.' म्हणजे सीट चुकवून चालणार नव्हतं.

फिनिश लाइनचा मोह

आपल्या पट्ट्याला शर्यत नवी नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१मध्ये परवानगी दिल्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. तिथे गर्दी निशाणाजवळ होते, आणि ते बरोबरच आहे. बैल सरळ रेषेत सुटतात, काही सेकंदांत निकाल लागतो. सगळं नाट्य शेवटाला!

सर्किटवरची रेस मात्र गोल फिरते, दीड-दोन तास. थोडं गणित करू. सरळ रस्त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरने आली, तर सेकंदाला ८३ मीटर कापते. तुमच्या समोर ट्रॅकचा शंभर मीटरचा तुकडा असेल, तर ती सव्वा सेकंदात गायब. अबुधाबीच्या यस मरीना सर्किटवर ५८ लॅप असतात. म्हणजे तुमचा लाडका ड्रायव्हर अख्ख्या रेसमध्ये तुमच्यासमोर असणार जेमतेम ७० सेकंद! तीच गाडी वळणावर ताशी शंभरने जाते तेव्हा हाच हिशोब साडेतीन मिनिटांवर जातो.

आणि निकाल फिनिश लाइनवर लागतो, असंही समजू नका. १२ डिसेंबर २०२१ आठवा. याच यस मरीनावर हॅमिल्टन आणि वेरस्टापेन समान गुणांनी उतरले होते. शेवटच्या लॅपला वेरस्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकलं ते पाचव्या वळणावर. त्या वळणासमोर नॉर्थ ग्रॅण्डस्टॅण्ड आहे. वर्षभराचं भांडण तिथल्या लोकांच्या डोळ्यांदेखत मिटलं. फिनिश लाइनसमोरच्यांना फक्त झेंडा दिसला.

पण मेन ग्रॅण्डस्टॅण्डवाल्यांचीही एक बाजू आहे. रेसची सुरुवात, पिट स्टॉप, पोडियम, सगळं तिथेच. बुद्ध सर्किटवर २०१३मध्ये फेटेलने लागोपाठ चौथं विजेतेपद पक्कं केलं, तेव्हा त्याने नियम धाब्यावर बसवून गाडी मेन ग्रॅण्डस्टॅण्डसमोरच गरागरा फिरवली, उतरून गाडीला वाकून नमस्कार केला आणि ग्लोव्हज प्रेक्षकांत भिरकावले. टीमला दंड बसला, पण समोरच्यांचे पैसे वसूल!

वळण कुठलं निवडायचं?

ओव्हरटेकिंग बघायचं असेल तर साधा फंडा लक्षात ठेवा: लांब सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी हळू वळण. गाड्या तिथे जोरात ब्रेक मारतात, मागचा आत घुसायला बघतो. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि चौथ्या वळणावर करकचून ब्रेक. तिथे नजर लावली की काहीतरी घडणारच.

हे घरबसल्या कळतं. सर्किटचा नकाशा उघडा, वळणांचे नंबर बघा आणि त्या सर्किटची ऑनबोर्ड व्हिडिओ लावा, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या कॅमेऱ्यातून घेतलेली. गिअर कुठे धडाधड खाली येतात ते मोजा. जिथे सगळ्यात जास्त, तिथे बसा. शक्यतो गाड्या तुमच्याकडे येताना दिसतील अशी बाजू घ्या, कारण पाठमोऱ्या गाडीत बघण्यासारखं फार नसतं.

स्टेडियममधल्या रेसचं गणित मात्र वेगळं. २८ जानेवारी २०२४ला पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे आणि हवेत उडणाऱ्या बाइक्स! तिथे अख्खा ट्रॅक नजरेसमोर असतो, त्यामुळे कुठलं वळण हा प्रश्न जरा मागे पडतो आणि रांग किती उंच, हा पुढे येतो. शिवाय कल्याणला पुण्याची गाडी पकडली की झालं. पहिल्यांदा रेस बघणाऱ्यांसाठी असली जागा बेस्ट. पासपोर्ट नको, व्हिसा नको.

जाळी, जिने आणि स्क्रीन

पहिली रांग म्हणजे बाल्कनीची पहिली रांग नव्हे! ट्रॅक आणि तुमच्या मध्ये तारेची उंच जाळी असते. खालच्या रांगांतून रेस त्या जाळीतूनच दिसते आणि फोटोंत गाड्यांपेक्षा तारा जास्त येतात. हैदराबादला फेब्रुवारी २०२३मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई झाली, चेन्नईत ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ला रात्रीची स्ट्रीट रेस झाली. अशा शहरी ट्रॅकवर भिंती आणि जाळ्या अगदी जवळ असतात, म्हणून उंची आणखी महत्त्वाची. वरच्या रांगांतून दोन-तीन वळणं एका नजरेत येतात.

पण वरची रांग म्हणजे जिने. आमच्या काकांसाठी हा खरा प्रश्न. दिवसातून चार वेळा चढउतार, त्यात टॉयलेट खाली, पाणी खाली. अशा वेळी मधली रांग आणि पॅसेजच्या कडेची सीट घ्यावी. आजी-आजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर आधी जिना बघा, मग वळण.

दुसरी गोष्ट, समोर मोठी स्क्रीन हवीच. पिट स्टॉप सुरू झाले की पुढे कोण, मागे कोण, काही कळत नाही. स्क्रीन नसलेली महाग सीट घेण्यापेक्षा स्क्रीन असलेली स्वस्त सीट बरी. नाहीतर शेजारच्याला दर दोन मिनिटांनी 'पहिला कोण?' विचारत बसाल.

ऊन, आवाज आणि बेभरवसा

सप्टेंबर २०२३मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उकाडा असा होता की मुख्य रेस २४ लॅपवरून २१वर आणावी लागली. रेसनंतर होर्हे मार्टिनसारखा फिट रायडर गळून गेला. मग उघड्या स्टॅण्डवर दिवसभर बसणाऱ्यांचं काय? दुपारची रेस असेल तर छप्पर आहे का आणि पश्चिम कुठे, एवढं बघाच. लोकलमध्ये बघता ना, तसंच! कानात घालायचे बोळे मात्र कुठेही लागतात. २०११चे व्ही-एट इंजिन आता नाहीत, २०१४पासून हायब्रिड व्ही-सिक्स आले आणि आवाज उतरला, तरी तीन दिवस ऐकायचं म्हणजे कानांची परीक्षाच.

आणि तिकिटामागची बारीक अक्षरं! चेन्नईची रेस आधी डिसेंबर २०२३ला व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळाने पुढे गेली. हैदराबादची २०२४ची फॉर्म्युला ई रद्द झाली. मोटोजीपीची २०२४ची भारतातली फेरीही झाली नाही. म्हणून पैसे परत मिळण्याचे नियम वाचा, आणि हॉटेल-विमानाचं बुकिंगही असं करा की पैसे अडकणार नाहीत.

घाईत असाल तर एवढंच

* ओव्हरटेकिंग हवं: लांब सरळ रस्त्याच्या टोकाचं हळू वळण.
* सुरुवात, पिट स्टॉप, पोडियम हवं: मेन ग्रॅण्डस्टॅण्ड.
* फोटो हवेत: वरची रांग, जाळीच्या वर.
* घरचे मोठे बरोबर: कमी जिने, कडेची सीट, छप्पर.
* कुठेही बसा: समोर स्क्रीन हवी.

काकांनी सगळं उलटं केलं

एवढा अभ्यास केल्यावर आम्ही तिघांनी नॉर्थ ग्रॅण्डस्टॅण्ड पक्का केला. पाचवं वळण, २०२१ची जागा, आणखी काय हवं? नकाशा घेऊन अंबरनाथला काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चाकं कुठे बदलतात?"

मी मेन ग्रॅण्डस्टॅण्डसमोरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"मग मला इथे बसवा. गाड्या पळताना टीव्हीवर दिसतातच की. ते चाक कसं बदलतात, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

आम्ही गप्प. कतारला २०२३मध्ये मॅक्लारेनच्या माणसांनी चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली होती. आमच्यासाठी तो एक रेकॉर्ड. ज्याने पस्तीस वर्षं हातात पाना धरला, त्याच्यासाठी ती रेसमधली सगळ्यात मोठी गोष्ट. कोणता माणूस कुठे उभा राहतो, कोण आधी हात वर करतो, हे टीव्हीवर धड दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

"पण काका, ते सगळ्यात महाग आहे," उल्हासनगरचा मित्र बोलून गेला. काकांनी लगेच चष्मा काढला. "मग राहू दे रे. तुम्ही म्हणाल तिथे बसतो."

राहू कसं देणार? वाद झाला, पण तासाभरात मिटला. अंबरनाथच्या मित्राने स्वतःसाठी घ्यायचं ठरवलेलं नवं घड्याळ रद्द केलं आणि मेन ग्रॅण्डस्टॅण्डची दोन तिकिटं काढली, मधली रांग, पॅसेजची कड. पाचवं वळण त्याला कितीही हवं असलं तरी तो बाबांच्या शेजारी बसणार. मी आणि उल्हासनगरचा मित्र नॉर्थला. एकत्र जाऊन वेगळं बसायचं म्हणजे कसंसंच वाटत होतं, पण काकांनी तोही प्रश्न सोडवला. "रात्री हॉटेलवर तुम्ही मला वळण सांगा, मी तुम्हाला चाक सांगतो."

तेव्हा तिकिटांचा नकाशा उघडण्याआधी सोबत येणाऱ्याला एकदा विचारा: तुला नक्की काय बघायचंय? सीट त्यानंतर शोधा.