प्रवास अंतराचा नव्हे, वेळेचा

डोंबिवलीहून ठाण्याला जायचे म्हटले, की आपण सवयीने किलोमीटर मोजतो. कृत्रिम प्राणवायूवर असलेल्या वडीलधाऱ्यांना तपासणीसाठी नेताना मात्र मोजायचा असतो तो वेळ. लोकलने अर्ध्या तासाच्या आत होणारा हा प्रवास शिळफाट्याच्या कोंडीत किती लांबेल, याचा नेम नाही. आणि गाडी थांबली तरी सिलिंडर रिकामा होतच राहतो.

हिशेब अवघड नाही. ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल, तर तो ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास पुरेल. ४ लिटर लागत असेल, तर सव्वासहा तास. दाबमापकाचा काटा अर्ध्यावर असल्यास वेळही निम्माच. जाणे, दवाखान्यात ताटकळणे आणि परतणे यांची बेरीज करावी आणि तिच्या दुप्पट साठा जवळ ठेवावा. सिलिंडर उघडण्याची चावी घरीच राहिली, तर हा सारा हिशेब व्यर्थ.

बॅटरीवर चालणारी हलकी यंत्रे सोयीची खरी; पण त्यांतील अनेक यंत्रे श्वास आत घेतानाच प्राणवायूची ठरावीक मात्रा सोडतात. त्यांवरील ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. म्हणून प्रवासाआधी रुग्णाला ते यंत्र लावून घरात चालवून पाहावे, ऑक्सिमीटरवर नजर ठेवावी आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

जिना चढताना धाप लागली, की घरची माणसे मायेपोटी प्रवाह वाढवतात. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा प्राणवायूमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. श्रमाच्या वेळी प्रवाह किती ठेवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

वैद्यकीय प्रमाणपत्र असल्यास रेल्वेने रुग्णासाठी सिलिंडर नेता येतो. परंतु परवानगी मिळणे वेगळे आणि सकाळी आठच्या गर्दीत डोंबिवलीला डब्यात शिरणे वेगळे! तपासणीची वेळ दुपारची मागून घेणे केव्हाही शहाणपणाचे. मोटारीने जाताना सिलिंडर घट्ट बांधावा, काच किंचित उघडी ठेवावी, झडपेला तेल वा ग्रीस लावू नये आणि चालकाने देवासमोर उदबत्ती लावली असल्यास ती विझवण्याची विनंती निःसंकोच करावी.