कंबर दुखतेय, कामावर कधी जाऊ?

ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या 7 दिवसांसाठी डॉक्टरी दाखला लागत नाही. त्यापुढे लागते ती ‘फिट नोट’. 2010मध्ये ती जुन्या ‘सिक नोट’च्या जागी आली आणि 1 जुलै 2022पासून फिजिओथेरपिस्टही ती देऊ शकतात. त्यासाठीचं प्रशिक्षण सरकारी आरोग्यसेवेच्या ई-लर्निंगवर मिळतं.

खरी मेख दाखल्यातल्या एका पर्यायात आहे: ‘काम जमू शकेल’. त्यासोबत चार वाटा सुचवता येतात. हळूहळू रुजू होणं, कामाच्या वेळा बदलणं, काम बदलून घेणं किंवा कामाच्या जागी सोय करून घेणं. गोदामात खोकी उचलणाऱ्याला काही आठवडे नुसतं नोंदवहीचं काम देता येतं. मालकावर मात्र हा सल्ला बंधनकारक नाही. सोय जमलीच नाही, तर तोच दाखला रजेचा ठरतो.

‘दुखणं पूर्ण थांबेपर्यंत पडून राहा’ हा सल्ला केव्हाच मागे पडला. कामावर परतायला मदत करा, असं उपचारांची मार्गदर्शिका काढणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ संस्थेची कंबरदुखीवरची 2016ची मार्गदर्शिका सांगते. तेव्हा फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवण्याआधी ‘तुम्ही काम काय करता?’ हे विचारायलाच हवं.

पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.