कळतं, पण ‘झालं’ असं वाटत नाही

बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका शिक्षिकेच्या मोबाइलमध्ये गॅसच्या शेगडीचे फोटो आहेत. एक-दोन नव्हेत, चाळीसेक. शाळेला निघताना त्या रोज रेग्युलेटरचा आणि शेगडीच्या बटणांचा फोटो काढतात, म्हणजे वाटेत शंका आली तर बघता येईल. शंका येतेच. फोटो उघडला की बटण बंद दिसतं आणि क्षणभर हायसं वाटतं. मग मनात येतं, हा फोटो आजचाच ना? आणि काढल्यावर ओढणी बटणाला लागली असेल तर? मग घरी फोन. नवऱ्याचं ऑफिस उशिराचं. “अहो, गॅस बंद आहे ना?” “हो गं, बंद आहे.” दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी उत्तरात वैताग. (दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून हे उदाहरण रचलं आहे, कोणा एकाची ही कहाणी नव्हे.)

हा ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत त्याला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो, जीव घाबरा होतो आणि तो शांत करायला माणूस तीच तीच कृती करत राहतो. कुणी हात धुतं, कुणी कडी-कुलूप तपासतं, कुणी मनातल्या मनात आकडे मोजतं. साधारणपणे शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. टेबल नीटनेटकं ठेवणारे लोक हल्ली हसत हसत ‘मी जरा ओसीडीच आहे’ असं म्हणतात. ज्यांना खरोखर हा आजार आहे, त्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

घरच्यांना सगळ्यात मोठं कोडं पडतं ते असं की, बाई हुशार आहेत. मुलांना गणित शिकवतात. गॅस बंद आहे हे त्यांना कळतं, विचारलं तर त्या तसं सांगतातही. मग पुन्हा का विचारतात?

कारण कळणं आणि वाटणं ही मेंदूतली एकच गोष्ट नाही. आपण दाराला कुलूप लावतो, एकदा ओढून बघतो आणि जिना उतरतो. त्या ओढण्यानंतर मनात एक अगदी बारीकशी जाणीव उमटते, ‘झालं’. ती इतकी सवयीची असते की तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. कॅनडातले संशोधक हेन्री शेक्टमन आणि एरिक वुडी यांनी २००४ मध्ये अशी मांडणी केली की ओसीडीत हीच जाणीव कमी पडते. संभाव्य धोक्याची चाहूल घेणारी मेंदूतली यंत्रणा प्रत्येकात असते. ती एकदा सुरू झाली की बाहेरच्या पुराव्याने नव्हे, तर आतून येणाऱ्या या ‘झालं’ने थांबते. ते आलंच नाही तर पुरावा समोर असूनही रुखरुख चालूच राहते. फोटो चाळीस काय नि चारशे काय, जे कमी आहे ते फोटोत नाहीच.

उलट तपासण्याने आणखी बिघडतं. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो नेमका गॅसच्या शेगडीवर आहे. ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटची तपासणी त्यांना बरोबर आठवत होती. पण ती आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घसरला होता. धडधाकट मुलांची ही गत, तर वर्षानुवर्षं रोज वीस वेळा तपासणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

मेंदूत हे कुठे घडतं? डोळ्यांच्या खोबणींच्या जरा वर, मेंदूच्या पुढच्या भागात ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स आहे. समोरच्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं, काही खटकतंय का, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. तिथून संदेश मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटमकडे जातो, पुढे थॅलॅमसकडे आणि फिरून पुन्हा पुढच्या भागात. एखादी कृती पुरी झाली की हे चक्र शांत व्हायला हवं. १९८७ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे भाग किती साखर वापरतात हे पेट स्कॅनवर पाहिलं. ओसीडीच्या रुग्णांत ऑर्बिटोफ्रंटल भाग आणि स्ट्रायटममधला कॉडेट हा भाग जास्त काम करताना दिसले. आपल्या हातून चूक झाली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत मेंदू एक विद्युत इशारा देतो. ओसीडीत तोही सरासरीने मोठा असल्याचं अनेक प्रयोगांत आढळलं आहे.

पण हे नुसतं अडकलेलं चक्र नाही, त्यात भावना ओतप्रोत भरलेली असते. २०१८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरच्या २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भावना चेतवणारी चित्रं वा प्रसंग समोर आले की ओसीडी असलेल्यांमध्ये अमिग्डला हा भाग निरोगी माणसांपेक्षा जास्त सक्रिय होतो, असं त्यातून दिसलं. सोबत ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स आणि स्ट्रायटमचा काही भागही. अमिग्डला हा बदामाएवढा भाग भीतीशी आणि ‘हे महत्त्वाचं आहे, लक्ष दे’ या इशाऱ्याशी जोडलेला आहे. ज्यांचा त्रास स्वच्छतेचा, त्यांच्यात भीतीपेक्षा किळस मोठी असते. किळस येते तेव्हा इन्सुला हा भाग चेततो, आणि नासलेलं अन्न वा घाण यांची नुसती चित्रं दाखवली तरी काही अभ्यासांत या रुग्णांचा इन्सुला अधिक चेतलेला दिसला. ‘अगं, हात स्वच्छ आहेत, बघ तरी’ असं म्हणून भागत नाही ते यामुळे. शिसारी आली असताना ती येऊ नये असं वाद घालून कुणाला पटवता येईल का?

मात्र हे सगळे आकडे गटांच्या सरासरीचे. एमआरआय काढून एकेका माणसाच्या ओसीडीचं निदान होत नाही. ते होतं ते नीट विचारपूस करूनच.

आणि विचारपूस करताना जे सहसा सांगितलं जात नाही, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. नुकत्याच बाळंत झालेल्या आईच्या मनात एकाएकी येतं, ‘मी बाळाला काही केलं तर?’ देवघरासमोर बसलेल्या आजोबांच्या मनात शिवी येते. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी दाखवलं की असे विचित्र, घाणेरडे, हिंसक विचार बहुसंख्य निरोगी माणसांच्याही मनात येतात. फरक पुढे पडतो. बहुतेकांच्या मनात तो विचार येतो आणि जातो. ओसीडीत त्याला भीती, शरम आणि अपराधीपणा चिकटतात. ‘असं मनात आलं म्हणजे मी तशीच असणार’ या धास्तीने ती आई सुऱ्या लपवते, बाळाला आंघोळ घालायचं टाळते आणि कुणालाही काही सांगत नाही. वास्तविक तिचा जीव इतका घाबरतो तो बाळ तिला अतिशय प्रिय आहे म्हणूनच. ही गोष्ट तिला डॉक्टरांकडून पहिल्यांदा ऐकायला मिळते, आणि तोवर कित्येकदा वर्षं गेलेली असतात. हे वाचणाऱ्यांत अशी कुणी असेल तर तिने एवढं ध्यानात घ्यावं की मानसोपचारतज्ज्ञांनी हा विचार खूप वेळा ऐकलेला असतो. ते दचकणार नाहीत.

समजावून उपयोग होत नाही, मग कशाने होतो? मोहम्मद मिलाद आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी धोक्याची ठरलेली खूण आता निरुपद्रवी आहे, हे शिकलेलं दुसऱ्या दिवशी आठवणं ओसीडीच्या रुग्णांना अवघड गेलं. या ‘आता भीती नाही’च्या आठवणीत मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागाचा सहभाग असतो आणि तो इथे कमी पडताना दिसला. म्हणजे सुरक्षिततेचा अनुभव एकदा घेऊन पुरत नाही. तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी घ्यावा लागतो.

उपचाराची एक पद्धत हेच करते. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या तिच्या वापराची नोंद प्रसिद्ध केली. आज ती ईआरपी म्हणून ओळखली जाते. भीती वाटेल अशा गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. शिक्षिकेच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे शेगडी एकदाच बघून, फोटो न काढता जिना उतरणं. छाती धडधडते, हाताला घाम येतो, आणि काही न करता ते ओसरतं किंवा ते असतानाही दिवस पार पडतो. हे सोपं नाही. उगाच धीर देण्यासाठी सोपं आहे असं सांगू नये. जोडीला एसएसआरआय गटातली औषधं असतात. ओसीडीत ती अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. दोन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे खूप जण असतात, तिथेच घात होतो. बॅक्स्टर यांच्या गटाने १९९२ मध्ये उपचारांआधी आणि नंतर स्कॅन काढले. औषधाने बऱ्या झालेल्यांत आणि नुसत्या वर्तनोपचाराने बऱ्या झालेल्यांतही कॉडेटची वाढलेली धावपळ कमी झाली होती.

राहिला नवऱ्याचा ‘हो गं, बंद आहे.’ मायेपोटी दिलेलं हे उत्तर मेंदूच्या दृष्टीने आणखी एक तपासणीच. त्याने दहा मिनिटं सुटका होते आणि प्रश्न पक्का होतो. म्हणून घरच्यांनाही उपचारात घेतात. पण उत्तर एकदम एका दिवशी बंद करणं किंवा चिडून बंद करणं, दोन्ही चूक. दोघांनी तज्ज्ञांसमोर बसून आधी ठरवायचं असतं. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या घरात असं ठरलं. सोमवारी सकाळी बसस्टॉपवरून फोन आला. “अहो, गॅस...”

“तुला भीती वाटतेय, कळतंय मला. पण याचं उत्तर मी द्यायचं नाही असं ठरलंय ना?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बस आल्याचा आवाज, कंडक्टरची हाक, आणि “बरं, ठेवते.”

अकरा वाजता, मधल्या सुट्टीत, पुन्हा फोन आला.