मोटारसायकलच्या श्वासनलिकेतील फट

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सायखेड्याच्या बाजाराकडे ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेमागून मोटारसायकल नेली की कपड्यांवर आणि चष्म्यावर धुळीचा थर बसतो. गाडीच्या पोटात काय जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्याची वेळ आमच्यावर आणली ती आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने.

त्याच्याकडे २२० घन सेंटिमीटरची, कार्ब्युरेटरवर चालणारी जुनी स्पोर्ट मोटारसायकल आहे. शर्यतीच्या गाड्यांची चित्रे पाहून त्याने तिच्या पुढच्या कवचाला भोक पाडले, तिथून एक लवचिक नळी एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत आणली आणि सगळे सांधे एम-सीलने बुजवले. 'सर, आता वारा दाबाने आत शिरतो. पिकअप वाढला,' असे तो म्हणाला. वाढला की नाही, ते आपण गणितालाच विचारू, असे आम्ही म्हणालो.

वाहणारी हवा अडवली की तिच्या गतिज ऊर्जेचे दाबात रूपांतर होते. वाढलेला दाब काढण्यासाठी हवेच्या घनतेला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि उत्तर निम्मे करायचे. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली वाकवलेली नळी सेन नदीत धरून पाण्याचा वेग मोजला, तो याच तत्त्वावर. आमच्या मित्राची गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटरने धावते असे धरू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम. उत्तर येते सुमारे १६७ पास्कल. वातावरणाचा दाब जवळजवळ एक लाख पास्कल असतो. म्हणजे वाढ झाली टक्क्याचा सहावा भाग! यू-नळीत रंगीत पाणी भरून हा दाब मोजला, तर पाणी जेमतेम १७ मिलिमीटर सरकेल. २० अश्वशक्तीच्या इंजिनाला यातून फार तर ०.०३ अश्वशक्ती मिळेल.

मग कारखानदार अशा नळ्या का बसवतात? वेगाचा वर्ग होतो म्हणून. कावासाकीची १९९० ची झेडएक्स-११ ही अशी रचना घेऊन आलेली गाजलेली गाडी ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाई. ताशी ३०० किलोमीटरला वाढीव दाब चार टक्क्यांच्या घरात जातो. तिथे सांध्यातली फट खरोखर महाग पडते. शिवाय अशा कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलच्या वाटीवरही तोच वाढीव दाब पोचेल अशी सोय करावी लागते. तसे केले नाही, तर हवा जोराने येते आणि पेट्रोल मागे राहते. घरगुती नळी बसवलेली गाडी वेगात खोकू लागते, ती बऱ्याचदा यामुळे.

तेव्हा फटी बुजवणे हा निव्वळ खुळेपणा समजायचा का? मुळीच नाही. फट नेमकी कुठे आहे, हे आधी पाहायचे.

१ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम. विद्यार्थ्यांना हिशेब करू द्या. उत्तर ९,००० लिटर हवेच्या आसपास येईल. २०० लिटरची पंचेचाळीस पिंपे! एवढी हवा इंजिन एका लिटरमागे ओढते, आणि तिच्यातली धूळ अडवायला असतो एकटा एअर फिल्टर. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात चिकणमाती जास्त. पण बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेली गारगोटी आणि नदीची वाळूही रस्त्यावरच्या धुळीत असते. गारगोटीची काठिण्यता ७. चाकूच्या पोलादावरही ती ओरखडा काढते. असे कण तेलात मिसळले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश पेपरच तयार होतो.

फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला फट असेल, तर थोडा दाब जाईल, बाकी काही बिघडत नाही. हवा अजून गाळली जायची आहे. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली फट सर्वांत लबाड. गाडी चांगली चालते, आवाजही बदलत नाही, पण न गाळलेली हवा चोरवाटेने आत जात राहते. कार्ब्युरेटरच्या पलीकडच्या रबरी जोडाला चीर गेली, तर मात्र गाडी स्वतःच ओरडून सांगते: मिश्रणात पेट्रोल कमी पडते, रेस आपोआप वर-खाली होते, सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते.

आम्ही डबा उघडला. फिल्टरच्या पलीकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसली, तर फडके तपकिरी झाले. मग डबा काढून अंधाऱ्या खोलीत नेला आणि आत बॅटरी पेटवून ठेवली. एका कोपऱ्यात, फिल्टर जिथे बसतो त्या कडेला, प्रकाशाची बारीक रेघ दिसली. तिथले फोमचे गॅस्केट दुमडले होते. पुढचे सांधे एम-सीलने बुजवणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच फट सुटली होती. (धुराने फट शोधण्यासाठी उदबत्ती वापरण्याचा मोह होतो. पेट्रोलजवळ ती चुकूनही नेऊ नये.)

बुजवायचे कशाने, हाही प्रश्न आहेच. एम-सील वाळून कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तडकते. सायकलच्या ट्यूबचे रबर पेट्रोल लागले की फुगते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते, ते धातूला चांगले नाही. शिवाय त्याचे सुटलेले तुकडे फिल्टरच्या पलीकडे असतील तर थेट इंजिनात जातात. म्हणून आमचे मत असे की, फिल्टरच्या अलीकडे फोमची पट्टी चिकटवून हौस भागवावी. पलीकडे मात्र त्याच गाडीचे नवे गॅस्केट, नवा रबरी जोड आणि घट्ट क्लॅम्प, दुसरे काही नको. गॅस्केटच्या कडेवर ग्रीसचा पातळ हात फिरवला तर पुढच्या वेळी आणखी एक फायदा होतो: धूळ कुठून शिरली, तिचा माग ग्रीसवर उमटतो.

त्याने आणखी एक भोक बुजवले होते, डब्याच्या तळाचे. ते गळतीचे नव्हे, निचऱ्याचे. पुढून पावसाचे पाणी घेणारी नळी आणि खाली बंद तळ, म्हणजे डब्याची घागरच होणार. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. या इंजिनाचे दाब-गुणोत्तर ९.५ धरले, तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक जागा राहते सुमारे २६ मिलिलिटर, म्हणजे पाच चहाचे चमचे. त्याहून जास्त पाणी आत असताना इंजिन फिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते. अशा पुरात बुडालेल्या गाडीचे स्टार्टर बटण दाबू नये. आधी स्पार्क प्लग काढावा, इंजिन हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर टाकावे, आणि तेल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

तळाचे भोक आम्ही मोकळे केले, गॅस्केट नवे बसवले. पुढची नळी त्याने काढली नाही. दिसायला बरी दिसते म्हणाला. रिंगा मात्र आधीच झिजल्या आहेत. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि दर रविवारी तो तेलाची पातळी पाहून वहीत लिहून ठेवतो.