दोरा, वारा आणि घड्याळ

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, हा प्रश्न इंदूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांतून आता नेहमी कानी पडतो. लेकी-सुना तिकडे नांदतात आणि इकडे आजोबा नकाशा उलगडून बसतात. त्यांना मी सांगतो, आजोबा, नकाशा मिटा आणि नातवाचा पृथ्वीचा गोल घ्या.

गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की मौज दिसते. दोरा उत्तरेकडे चढतो, सायबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

विमान मात्र दोऱ्यावरून जातेच असे नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली ती अटलांटिकवरून. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पॅसिफिकवरून नेले. वाट वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, तरी ते साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोचले! कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. ओघाबरोबर नाव सोडावी तसा हा प्रकार.

घड्याळाची गंमत आणखी निराळी. तिकडच्या उन्हाळ्यात आपण साडेबारा तास पुढे असतो. दिल्लीहून पहाटे चारला निघालेला मनुष्य साडेचौदा तास उडून त्याच तारखेस सकाळी सहाला तेथे उतरतो!

परंतु हे गणित नेहमीच गमतीचे नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरी वडील वारले. मुलगा कॅलिफोर्नियात. तिकीट मिळणे, दिल्लीचा थांबा, पुढचे इंदूरचे विमान असे धरून दीड दिवस होत होता. घरात दोन मते पडली. शेवटी मुलानेच फोनवर सांगितले, "काका, थांबू नका. आईजवळ बसा, मी दहाव्याला पोचतो."

१९४८ च्या जून महिन्यात मुंबईहून लंडनला पहिले एअर इंडियाचे विमान गेले ते कैरो आणि जिनिव्हा करीत. त्याआधी तर बहुतेकांची भिस्त बोटीवर. अशा वेळी परदेशातल्या मुलासाठी कोणी थांबत नसे, आणि न थांबल्याचा बोलही कोणाला लागत नसे. आता अंतर तासांवर आले. म्हणून आशा वाढली आणि तिच्याबरोबर ही ओढाताणही.

म्हणून माझे वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की थांबावे की न थांबावे, हे आपण धडधाकट असतानाच मुलांना सांगून ठेवावे. बोलणे जड जाईल खरे. पण त्या दिवशी घरातल्या माणसांवरचे ओझे पुष्कळ हलके होईल.