रेशीम, जर आणि मांजा : वीज कशातून जाते?

मंडळी, येवल्यात विजेबद्दल बोलायचं, तर सुरुवात पैठणीपासूनच करू. पैठणीत दोन धागे असतात, रेशीम आणि जर. दोन्ही बारीक. पण विजेला विचाराल तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक 1729 साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांना दिसला. त्यांनी तागाची लांब दोरी रेशमाच्या धाग्यांवर टांगली आणि तिच्यातून विजेचा प्रभार दूरवर पोचवला. मग रेशमाचा धागा तुटला, म्हणून त्यांनी तितकीच बारीक पितळी तार लावली. झालं! प्रभार पुढे जाईचना, तारेतूनच निसटला. म्हणजे प्रश्न जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता.

असं का होतं? धातूत प्रत्येक अणूचे एखाद-दोन इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. ते सरकले की विद्युतधारा वाहते. चांदी यात पहिली, तांबं जवळपास तिच्याइतकंच. रेशमात मात्र इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात. आता गंमत बघा. विजेच्या वायरीत धातू आत आणि प्लास्टिक बाहेर असतं. अस्सल जर याच्या नेमकी उलटी : आत रेशीम, त्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली.

पण सुवाहक आणि दुर्वाहक अशा दोन पक्क्या जाती नाहीत. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी जाते. विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यांचे आयन वीज वाहून नेतात. आपला घामही तसाच खारट. कोरड्या हाताचा रोध 1 लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या हाताचा हजारावर येतो. घरातल्या 230 व्होल्टला पहिल्या हातातून सुमारे 2 मिलिअँपिअर धारा जाईल, दुसऱ्यातून 230. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही!

म्हणून संक्रांतीच्या तीन दिवसांसाठी एक सांगतो. कोरडा सुती दोरा दुर्वाहक आहे, खरं. पण तो घामानं, दवानं ओला झाला, किंवा मांज्याच्या लेपात धातूची पूड असली, तर तोच दोरा वीज आणतो. पतंग तारेत अडकला की ओढायचा नाही. आसारी हातात असेल तरी सोडून द्यायची.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, लाकडी काठीनं काढला तर?)

चांगलं विचारलंत. लाकूड कोरडं दिसतं, पण आत ओल असते. आणि गावाबाहेरून येणारी लाईन बहुधा 11,000 व्होल्टची. तिच्यापुढे घरगुती अंदाज चालत नाहीत. तार जवळ आली तरी ठिणगी हवेतूनही उडी मारते, आणि हवा तर दुर्वाहक! तेव्हा काठी नाही, सळई तर नाहीच. पतंग दहा रुपयांचा असतो. पोरांना हे आज घरी गेल्यावर सांगा.