कागद, काच, पत्रा आणि एक विद्यापीठ

मुलांनो, आज सुरुवातीलाच माझी एक चूक सांगते.

चौथीच्या वर्गात सारखा गृहपाठ चुकवणाऱ्या एका मुलाला मी चिडून म्हणाले, "असाच राहिलास तर मोठेपणी कचरा वेचावा लागेल!" सगळा वर्ग खो खो हसला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. मान खाली घालून ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण हळूच येऊन सांगून गेली, "बाई, तिची आई तेच काम करते."

हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. घरी, शाळेत, कुठेही. (पालकांनो, खरं सांगा, तुम्हीही म्हटलं असेल!) त्या दिवसानंतर मी या कामाची माहिती मिळवायला लागले, आणि मिळवता मिळवता एका विद्यापीठापाशी येऊन पोचले.

विद्यापीठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्या इमारती, ग्रंथालय, पदवीदान समारंभातले झगे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपलं एस.एन.डी.टी., महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलं. पुण्यात कर्वे रस्त्यावर त्याचं आवार आहे. ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नाही त्यांना मोठेपणी शिकवण्याचं काम तिथला एक विभाग करायचा. १९९० च्या सुमारास या विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायकामुलांना लिहायला-वाचायला शिकवायला गेल्या.

गेल्या शिकवायला, आणि स्वतःच खूप काही शिकून आल्या.

पहाटे, अंधारातच या बायका घराबाहेर पडत. पाठीला पोतं. रस्त्यावरच्या कचराकुंडीत आपण सगळे जे टाकतो ते एकत्र झालेलं असतं. कालची आमटी, फुटलेला पेला, दाढीचं पातं, औषधाची बाटली, वर्तमानपत्र. त्यात हात घालायचा आणि विकलं जाईल तेवढं वेगळं काढायचं. काच हाताला लागायची, कुत्री अंगावर यायची. मग भरलेलं पोतं पाठीवर घेऊन भंगारच्या दुकानापर्यंत चालायचं, तिथे बसून सगळं निवडायचं. कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं. मग वजन आणि मग पैसे. आमटीत भिजलेल्या कागदाला भाव कुठला?

यातल्या बहुतेक बायका दलित समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कुटुंबं त्यांत बरीच होती. शेत नाही, शिक्षण नाही आणि जातीमुळे दुसरं काम कुणी सहज देत नाही. त्यात रस्त्यात कुणी हटकलं की पहिला संशय चोरीचा. पाठीवर पोतं आहे ना, मग चोरच असणार!

आता विचार करा. तोच कागद कुंडीत पडण्याआधी घराच्या दारातच मिळाला तर? कोरडा राहील, भाव बरा येईल, हात कापणार नाही, पाय कमी दुखतील. किती साधी गोष्ट! पण त्यासाठी घरातल्या माणसांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला हवा, आणि दारात आलेल्या बाईवर विश्वासही ठेवायला हवा. विद्यापीठाने लोकांशी बोलून सुमारे तीस कचरावेचक महिलांसाठी तशी व्यवस्था केली. दारोदार जायचं आणि वेगळा केलेला कचरा घ्यायचा. काम सुरू झालं, कमाई वाढली, वेळही वाचू लागला.

आणि काही आठवड्यांतच तिथे एक गाडी येऊ लागली.

एका खाजगी व्यावसायिकाने हेच काम इंजिनाच्या गाडीतून करायला घेतलं होतं. रहिवाशांना त्यात वावगं काय वाटणार? पण या बायकांच्या तोंडचा घास जाणार होता. चिपको आंदोलन तुम्हाला ठाऊक असेल. १९७० च्या दशकात हिमालयातल्या गावांमधल्या बायका झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या, म्हणून झाडं वाचली. इथे बायकांनी आणि त्यांच्या बरोबर विद्यापीठातल्या मंडळींनी तोच मार्ग धरला. फक्त इथे वाचवायचा होता कचरा! गाडीला त्यांनी कचऱ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. रहिवाशांशी बोलणी केली. काम बायकांकडेच राहिलं.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आपण नाक दाबून लांब होतो त्या वस्तूसाठी कुणी असं उभं राहतं, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पण तीस जणींचं काम वाचलं म्हणून शहरातल्या हजारोंचं भागणार नव्हतं. मग 'एक गाव, एक पाणवठा' चळवळीचे आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव पुढे आले. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा झाला. आठशेच्या वर कष्टकरी जमले आणि संघटना उभी राहिली. नाव ठेवलं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव मोठ्याने म्हणून बघा, भंगारच्या दुकानातला तराजूच डोळ्यांसमोर येतो की नाही?

संघटनेने सगळ्यात आधी काय मागितलं असेल? पैसे? नाही. फोटो असलेलं ओळखपत्र! तुमच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र असतं, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण जिला रोज 'चोर' म्हणतात तिच्यासाठी तो कागदाचा तुकडा केवढा मोठा असेल! १९९५-९६ मध्ये पुणे महानगरपालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात असं करणारी ती पहिली पालिका. पुढे २००१ मध्ये विद्यापीठाच्या त्याच विभागाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पाहणी केली आणि या बायकांमुळे पालिकेचा किती खर्च वाचतो त्याचा हिशेबच मांडला. जो माल त्या उचलतात तो पालिकेला वाहून न्यावा लागत नाही ना! २००२-०३ पासून पालिका त्यांच्या आरोग्यविम्याचे पैसे भरू लागली. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. घरटी दरमहा ठरलेली रक्कम आणि सुका माल विकून आलेले पैसे, दोन्ही त्यांचे. तरी सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कराराची मुदत संपत आली की उद्या काम राहील का, या काळजीने त्यांची झोप उडते.

मोठी माणसं याला 'पर्यावरणीय न्याय' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा. घाण कोण करतं आणि ती कुणाच्या अंगावर पडते, हे विचारायचं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांपाशी नेऊन टाकला. कचरा शहराचा, आणि पाणी खराब झालं गावातल्या विहिरींचं! तिथल्या लोकांनी कितीदा गाड्या अडवल्या. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, मग त्यांनी तो आपल्याच दारात परत आणून टाकायला पाहिजे!"

ताई-दादांनो, आता थोडं तुमच्याशी, आणि लाजायचं काही कारण नाही. वापरलेलं सॅनिटरी पॅड किंवा बाळाचा डायपर नुसता डब्यात टाकला, तर निवडताना तो कुणाच्या तरी हाताला लागतो. म्हणून पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी एक सोपी रीत सांगितली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे समजतं. एक लाल स्केचपेन न्हाणीघराच्या फळीवर ठेवून द्या. फुटलेली काचही अशीच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या.

आता राहिली माझ्या वर्गातली ती मुलगी. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "काल मी चुकीचं बोलले." कुणी काही बोललं नाही, तीही नाही. पुढच्या महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला तिची आई शाळेत आली. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात मी सवयीने 'मजुरी' लिहायला लागले होते. तिने पिशवीतून ओळखपत्र काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, यावर लिहिलंय ते लिहा."

मी खोडून पुन्हा लिहिलं. कचरावेचक.

तुमच्या घरी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उद्या सकाळी विचारा. किती वाजता निघतात, किती घरं करतात, आपल्या डब्यातल्या कशाचा त्यांना त्रास होतो, तेही विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मला पत्राने कळवा, मी वाट बघते.